धाकट्याचं मत आधी

दार बंद झालं आणि सहाही न्यायमूर्ती सातव्या, नव्यानं रुजू झालेल्या बाईंकडे बघू लागले. घटनापीठाची रीतच तशी होती. खोलीत सात न्यायमूर्तींखेरीज कुणी थांबायचं नाही, आणि मत आधी सांगायचं ते सगळ्यांत धाकट्यानं, म्हणजे सर्वांत शेवटी नेमलेल्यानं. मोठ्यांची भीड पडू नये म्हणून. दारावर टकटक झाली तर उठायचंही त्यानंच. तीस वर्षं वकिली करून शेवटी द्वारपाल झालीस, असं बाईंना घरी नवऱ्यानं चिडवलं होतं.

प्रश्न एकच होता. तुरुंगातल्या आईजवळ मूल दोन वर्षांचं होईपर्यंतच राहील, मग ते बालगृहात जाईल, असा कायदा. एका कैदी आईनं त्याला आव्हान दिलं होतं. तिची मुलगी येत्या शुक्रवारी दोन वर्षांची होणार होती. बाईंनी फाइल तीनदा वाचली होती. कायदा रद्द व्हावा, हे त्यांचं कधीच ठरलं होतं.

अडचण समोरच बसली होती. वीस वर्षांपूर्वी हाच कायदा योग्य ठरवणारा निकाल सरन्यायाधीशांनी स्वतः लिहिला होता, आणि बाई त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या. त्यांनी सरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो नेहमीसारखाच, थांग न लागू देणारा. ओठांवर आलेलं बाईंनी गिळलं.

"जुना निकाल कायम राहावा," त्या म्हणाल्या, आणि स्वतःचीच लाज वाटून पेनाचं टोपण घट्ट करत बसल्या.

पुढे सगळं सोपं झालं. एकेकानं बाईंची री ओढली. कुणी शिस्तीचा मुद्दा काढला, कुणी तुरुंगातल्या अपुऱ्या जागेचा. बाईंच्या शेजारचे न्यायमूर्ती तर नुसती मान हलवून मोकळे झाले. दहा मिनिटांत सहा मतं पडली.

सरन्यायाधीशांनी समोरची फाइल मिटली.

"तो जुना निकाल दिला त्या वेळी सगळ्यांत धाकटा मी होतो," ते म्हणाले. "आज तुम्ही माझं पाहिलंत, तसं मी तेव्हाच्या सरन्यायाधीशांचं तोंड पाहिलं आणि त्यांना आवडेल असं वाटलं ते बोललो. सगळ्यांनी होकार दिला. शेवटी ते म्हणाले, मी तर उलट मत घेऊन आलो होतो, पण तुम्ही सहाही जण एवढे ठाम आहात, तर तसंच होऊ दे." त्यांचा आवाज जड झाला. "वीस वर्षं मुलं नेली जातायत."

भीड ही भिकेची बहीण म्हणतात. ती सात शहाण्यांच्या खोलीतही बिनदिक्कत नांदत होती.

सरांनी खुर्ची फिरवली आणि ते भिंतीकडे तोंड करून बसले. पुन्हा पहिल्यापासून, एवढंच म्हणाले.

या वेळी बाईंचे शब्द स्पष्ट आले.

"मुलगी आईजवळ राहावी. कायदा रद्द व्हावा."

शेजारच्या न्यायमूर्तींनी चष्मा काढून डोळे चोळले.

"माझंही तेच मत आहे," ते म्हणाले. "मघाशीही हेच होतं."