थापीचे दोन ठोके

यंत्राने वीट बसवली, थापीने तिच्यावर दोन ठोके दिले आणि हात डावीकडे वळवून ते थांबलं. झाडू टाकून गोदावरी उठली आणि मग तिला आठवलं, आता आपल्या डोक्यावर घमेलं नसतं.

दुसऱ्या साथीत मजुरांच्या शेडमधली निम्मी माणसं गेली. तेव्हापासून भिंती यंत्रंच बांधतात; साइटवर माणूस राहिलं ते झाडलोटीपुरतं. हे यंत्र लिंबाजी गवंड्याच्या हातांचं जुनं चित्रण बघून शिकलं होतं. लिंबाजी गोदावरीचा नवरा; तोही त्याच साथीत गेला. सिमेंटचा माल हवा की तो असेच ठोके द्यायचा आणि ती धापा टाकत मजला चढून येईपर्यंत, एका शब्दाने न बोलता, वाट बघायचा.

"याला माल नळीतून येतो, तरी हे का खोळंबतं कोण जाणे," इंजिनियर म्हणाला. "आज याचं हे थांबणं काढूनच टाकतो."

"हे यंत्र जरा आधी आलं असतं, साहेब, तर आमचे हे वाचले असते," एवढंच ती म्हणाली.

दुपारी पुन्हा दोन ठोके वाजले.

"आले, आले," म्हणत ती उठली, तोवर यंत्राने पुढची वीट लावलीसुद्धा होती.