पहिला ढोल

"काहीतरी इव्होक करायचा प्रयत्न करा," डॉक्टर ऋतुजाला म्हणाले आणि शेजारच्या कॉटकडे वळले.

मायाक्काला शब्द कळला नाही, पण आपल्याला काहीतरी करायला सांगितलंय एवढं कळलं. नवरा, धुळाप्पा, झटका येऊन पडल्यापासून तिच्या वाट्याला आलेलं हे पहिलंच काम. तोवर सोलापूरच्या त्या दवाखान्यात नुसतं बाकड्यावर बसायचं आणि कुणी हाकललं की उठायचं. तिनं नातीचा हात धरला.

"काय करा म्हनला गं?"

ऋतुजा इथल्याच कॉलेजात इंग्रजी शिकत होती. "जागं करायचं, आज्जी. मनातलं. आठवण, माया, असलं कायतरी. आज्ज्याला ऐकू येतंय म्हनं, पर आतनं काय उठत न्हाय."

"आन राग?"

"रागाला दुसरा शब्द हाय, प्रोव्होक. माया जागी करायची ती इव्होक. डॉक्टरांनी मायेचा सांगितलाय."

मायाक्काला हायसं वाटलं. दवाखान्यातलं बाकी सगळं विकत आणावं लागत होतं, माया तेवढी घरची होती.

ती कामाला लागली. मैंदर्गीहून मुलानं, बिरुदेवानं, फोनवर मेंढरांचा आवाज पाठवला होता, तो तिनं धुळाप्पाच्या कानाशी धरला. मेंढरं ओरडली, शेजारचा पेशंट दचकून बघू लागला, धुळाप्पा तसाच. मग नर्सची पाठ वळल्यावर तिनं पदराची गाठ सोडून बिरोबाचा भंडारा त्याच्या कपाळाला लावला. गाणंही म्हणून पाहिलं, दळताना म्हणायची ते. त्याचे डोळे छताकडे लागलेले होते, ते तिथेच राहिले.

शेवटी ती वाकली. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, त्यानंतर जे नाव तिच्या तोंडातून कधी निघालं नव्हतं, ते तिनं घेतलं.

"धुळाप्पा."

ऋतुजानं मान फिरवली. आज्जीकडे बघायचा धीर तिला झाला नाही. धुळाप्पाची पापणीही हलली नाही.

तेवढ्यात सिद्धाप्पा आला. धुळाप्पाचा धाकटा भाऊ. बिरोबाच्या जत्रेत पहिला ढोल कुणी वाजवायचा, यावरून दोघांचं फाटलं होतं. घराला घर लागून, भिंतही एकच, पण बोलायचं ते मध्ये माणूस घालून. आग लागली असती तरी यांनी आधी मधला माणूस शोधला असता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. तो आपणहून बस धरून आला होता आणि हातात टोपी घेऊन कॉटच्या पायथ्याशी उभा होता.

"वैनी, त्यास्नी सांगा, सिद्धाप्पा आलाय म्हनावं."

"ऐकू येतंय त्यास्नी, भावजी. आता तरी तुमीच सांगा की."

सिद्धाप्पानं फरशीकडे पाहिलं. इतक्या वर्षांची सवय, ती अशी एका दिवसात कुठली मोडायला. तो ऋतुजाकडे वळला.

"पोरी, तुझ्या आज्ज्याला सांग. आवंदा पहिला ढोल माझा पोरगा सोमलिंग वाजवनार हाय. पटत नसंल तर उठ म्हनावं, आन आडीव."

मायाक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मरणाच्या दारातल्या माणसापुढं हे बोलणं. त्याला बाहेर काढायला ती दोन पावलं पुढं झाली आणि थांबली.

धुळाप्पाच्या कपाळावरचा भंडारा आठ्यांत मोडला होता. चादर मुठीत गोळा झाली. तोंड एका बाजूला ओढलं गेलं.

"न्हाय," तो म्हणाला.

वाकडा, जड शब्द, पण सगळ्यांना कळण्यासारखा. नर्स पळाली. डॉक्टर आले, त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारली, पुन्हा हाका मारून पाहिल्या आणि खूश झाले.

"छान. कशानं आला रिस्पॉन्स?"

"घरच्यांनी हाक मारली," ऋतुजा म्हणाली.

"मग तेच चालू ठेवा."

मायाक्का कॉटची दांडी धरून उभी राहिली. नवरा बोलला म्हणून तिला आनंद झाला, आणि त्याच क्षणी तिला फार वाईट वाटलं. एवढा संसार केला, मेंढरांमागं रानोमाळ बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरली, आज नावसुद्धा घेतलं. आणि त्या माणसाच्या आत जागं झालं ते हे.

"ऋतुजा, ह्याला कंचा शब्द म्हनायचा गं? पहिला का दुसरा?"

ऋतुजानं आज्ज्याच्या मुठीतली चादर हळूच सोडवून सारखी केली.

सिद्धाप्पा केव्हाच बाहेर गेला होता. मायाक्का त्याला चांगलं फैलावर घ्यायचं ठरवूनच गेली. तो जिन्याच्या पायरीवर बसून टोपी तोंडाशी दाबून रडत होता.

"जीव घ्यायला आलावता का त्यांचा?"

त्यानं वर पाहिलं. "मला बोलला, वैनी. मदी कुनाला घातलं न्हाय."

जिन्यावरून माणसं वरखाली जात होती, मायाक्का बाजूला झाली. मग तिनं पदराची गाठ पुन्हा सोडली आणि उरलेला भंडारा दिराच्या कपाळाला लावला.

"उद्या बी या, भावजी," ती म्हणाली. "आन ढोलाचंच काढा. माझी हाक त्यास्नी पोचत न्हाय."