चोराचं सोंग

तोंडाला काजळ फासून, खांद्यावर पोतं टाकून तुळशीराम बहुरूपी भर बाजारात शिरला, तेव्हा त्याची छाती वीतभर फुगली होती. त्याच्या पोलिसाच्या सोंगाला हल्ली शेंबडी पोरंसुद्धा हसायची. आज मात्र कुलपाच्या कंपनीनं जाहिरातीसाठी त्याला चोर केलं होतं. दारं खडखडवायची आणि लोक घाबरले की पोत्यातली कुलपं वाटायची, एवढंच काम.

पण मोबाइलवर पोरं पळवणाऱ्या टोळीची अफवा आठवडाभर फिरत होती. पहिलंच दार खडखडवलं, तशी आतली बाई किंचाळली, "पोरं पळवणारा आला!"

बाजार काठ्या घेऊन धावला. तुळशीराम मनातून सुखावला. बाप गेल्यापासून त्याचं सोंग कुणी खरं मानलं नव्हतं. बाप सांगायचा, लोकांनी ओळखल्याशिवाय सोंग उतरवायचं नाही. म्हणून तो पोतं उघडायचं सोडून, डोळे वटारून गुरगुरला.

पहिली काठी डोक्यात बसली. मग मात्र त्यानं हात जोडले. काजळात रक्त मिसळत होतं.

"मायबाप, बहुरूपी हाय मी! पोट भरायला आलोय!"

दुसरी काठी उगारता उगारता एकजण दाद दिल्यासारखं म्हणाला, "बहुरूप्याचं काय हुबेहूब सोंग करतोय मेला!"