गोजाबाईची अट

मंगेश अगदी गप्प बसला होता आणि ते त्याला फार जड जात होतं.

मोखाड्याच्या एका शाळेत तो इंग्रजी शिकवायचा. आज आत्यासोबत खोडाळ्याला मुलगी पाहायला आला होता. याआधी जव्हारच्या एका घरी त्याने मुलीच्या भावाच्या टी-शर्टवरचं इंग्रजी दुरुस्त केलं होतं. ते स्थळ तिथेच संपलं. म्हणून आज जीपमधून उतरतानाच गोजाबाई आत्याने बजावलं होतं, "इंग्रजीचा एक शब्द काढलास, तर मी तिथनं उठून जाईन. सांगून ठेवते."

मंगेशने अट पाळली. मुलीच्या वडिलांनी, देवानंदांनी, वाटेत त्रास नाही ना झाला, असं विचारलं. तो "हो" म्हणाला. यंदा तुमच्याकडे नागलीचं पीक बरं आहे का, असं विचारलं. तो "हो" म्हणाला. वर्गात मुलं किती, यावरही तो "हो"च म्हणाला. देवानंदांनी बायकोकडे पाहिलं. मुलाला कमी ऐकू येतं की काय, ही शंका त्यांच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होती.

योगिता भिंतीपाशी बसली होती. गावच्या उपकेंद्रात ती नर्स होती. मंगेशला ती पाहताक्षणी आवडली होती, आणि सगळं हातातून निसटत चाललंय हेही त्याला कळत होतं.

"सर," ती म्हणाली, "बारावीपासून एक अडलंय. क्रियापदाला आयएनजी लावलं की कधी त्याला जेरंड म्हणतात, कधी पार्टिसिपल. ओळखायचं कसं?"

मंगेशने आत्याकडे पाहिलं. आत्याने डोळे वटारले. त्याने चहाचा कप उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"सोपं आहे," तो म्हणाला, आणि मग तो थांबलाच नाही.

"हा तांब्या बघा. ड्रिंकिंग वॉटर. पाणी काही पीत नाही, ते पिण्यासाठी आहे. म्हणून जेरंड. आणि ओहोळातलं रनिंग वॉटर? ते पाणी स्वतः धावतं. म्हणून पार्टिसिपल." त्याने कोपऱ्यातली काठी उचलली. "वॉकिंग स्टिक. काठी चालते का?"

"नाही," देवानंद म्हणाले.

"म्हणजे जेरंड."

योगिताची आई चुलीपासून उठून दारात आली. "आणि वॉशिंग पावडर?"

"धुण्यासाठी. जेरंड."

"रोज माझ्याकडे क्रायिंग बेबी येतात, ते?" योगिताने विचारलं.

"रडतं कोण? बाळच. पार्टिसिपल."

गोजाबाई उठली आणि खरोखरच अंगणात जाऊन उभी राहिली.

चहावर साय धरली. आत्याची जागा रिकामी दिसली तेव्हा कुठे मंगेश भानावर आला. त्याने काठी जागेवर ठेवली, सगळ्यांना हात जोडले आणि मान खाली घालून बाहेर पडला.

"झालं समाधान?" गोजाबाई म्हणाली. "चल आता."

तो चपला घालत होता, तोच योगिता दारात आली. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्याने विचारलं, "जेरंड तरी नीट कळलं ना?"

"ते मला बारावीलाच कळलं होतं," योगिता म्हणाली. "पण ज्याला होकार द्यायचा, त्याला बोलता येतं की नाही, ते तरी बघायला नको?"