काळं बोट

"तोंड उघडा. हा करा," कस्तुराबाईनं नवऱ्याला दारातच अडवलं.

हणमंतरावांनी मुकाट्यानं तोंड उघडलं. विडीचा वास आला नाही, तरी तिला शिसारीच आली. जन्मभर ह्या माणसानं धूर काढला होता. उशीला कुबट वास, धोतराला भोकं, कोपऱ्यात बेडके.

"सोडली म्हनलं न्हाई का? दवाखान्याची गोळी चघळतोय न्हवं."

"त्या गोळीत बी तंबाकूचंच सत हाय म्हनं!" ती बोट नाचवत म्हणाली. "घरात पोटुशी सून हाय, जरा तरी लाज धरा."

खरं दुखणं तेच होतं. रुद्राणीच्या पोटातलं बाळ वाढत नव्हतं. नायगावच्या डॉक्टरीणबाईंनी घरात विडी कोण ओढतं असं विचारलं, आणि त्याच दिवशी कस्तुराबाईनं म्हाताऱ्याचं अंथरूण गोठ्यात फेकलं.

सुनेला मात्र ती तळहाताच्या फोडासारखी जपायची. पोरीला सारखी मळमळ. दात घासले की जरा बरं वाटायचं, म्हणून सासूनं आपली दात घासायची डबीच तिला देऊन टाकली. आता सासू-सुना ओट्यावर बसून सकाळ, दुपार, संध्याकाळ दात घासत. म्हाताऱ्याच्या तोंडाची घाण सोसलेल्या कस्तुराबाईला सुनेच्या ह्या स्वच्छतेचं भारी कौतुक होतं.

पुढच्या तपासणीलाही बाळाचं वजन भरलं नाही.

"चोरून ओढतंय म्हातारं," कस्तुराबाई डॉक्टरीणबाईंसमोर फणकारली. "न्हाईतर ती गोळी बाधली. घाण मेली!"

"गोळी ते चघळतात, सून नाही," बाई म्हणाल्या. "फुफ्फुसं खातो तो धूर. चटक लावतं ते निकोटिन. गोळीनं त्यांची विडी सुटतेय, सुटू द्या. पण पोटातल्या बाळाला निकोटिनही बाधतं, धूर असो नसो. रुद्राणी, तू तंबाखू खातेस का गं?"

"शी!" सासूच ओरडली. "आमच्यात बाया शिवत बी न्हाईत तंबाकूला."

बाईंनी रुद्राणीचा हात हातात घेतला. अंगठ्याशेजारचं बोट टोकाला काळंकुट्ट होतं.

"हे कशानं?"

"मिश्रीनं," रुद्राणी साधेपणानं म्हणाली. "दात घासायची हो. आत्याबाई रोज ताजी भाजून देत्यात."

"आणि भाजता काय, आजी?"

कस्तुराबाईनं आपलं बोट हळूच पदराआड घेतलं.