झरीचा पायलट भाग

विनोदाच्या इतिहासात आजचा दिवस सुवर्णाक्षरांनी लिहिला जाईल, असं प्राध्यापक जीवन यांनी झरीच्या शाळेच्या मैदानावर जाहीर केलं. माईक बंद होता, त्यामुळे इतिहासाला ते कळलं नाही.

माईक सुरू झाल्यावर त्यांनी गावाला ब्रिटिश पद्धत समजावली. तिकडे टीव्हीवरची विनोदी मालिका एकदम काढत नाहीत. आधी सुटा एकच भाग करतात, तो पायलट. लोक समोर बसवून करतात. लोक हसले तर सहा भागांची मालिका, नाही हसले तर विषय संपला. तिकडच्या कितीतरी गाजलेल्या मालिका अशाच एका भागातून वाढल्या.

जीवन परभणीच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत. गाव झरी. त्यांची नाटकं आजवर कुणी घेतली नव्हती.

"हे बी गेलं तर कपाटातली सगळी नाटकं रद्दीत घालीन," बायको राजेश्रीनं बजावलं होतं.

पुण्याच्या, टीव्हीसाठी मालिका काढणाऱ्या कंपनीकडून मंजुषा नावाची बाई आली होती. तिच्या माणसानं नटांपुढं एक कॅमेरा आणि एक माईक ठेवला आणि बाकीचे सगळे प्रेक्षकांच्या डोक्यावर टांगले.

"ब्रिटिश पद्धत!" जीवन अभिमानानं म्हणाले. "हशा खरा लागतो."

नाटक गावच्या नळाबद्दल होतं. नळाची पाहणी करायला आलेला साहेब म्हणून गावातलाच महारुद्र स्टेजवर आला. त्यानं तोंड उघडायच्या आतच पुढच्या रांगेतली बायनाबाई खिदळली. शेजारणीच्या मांडीवर थाप मारून म्हणाली, "मेले गं बाई!"

"मावशे, विनोद अजून व्हायचाय," जीवन कळवळले.

"महारुद्राच्या गळ्यात टाय बघूनच हसू यायलंय. तोंडात बोळा कोंबू का?"

"मागं जाऊन बस बरं तू."

"नका उठवू त्यांना," मंजुषा घाईनं म्हणाली आणि एक माईक आणखी खाली घ्यायला लावला.

पंधरवड्यानं तिचा फोन आला. "सर, झरीत मिळालं तसं कुठंच मिळालं नाही. सहाही भागांत घेतोय."

राजेश्रीनं कपाट पुसून काढलं. गावानं जीवन यांना फेटा बांधून जीपवर बसवलं. जीपपुढं बायनाबाई नाचली. "माह्या बहिणीचं लेकरू हाय!" दिसेल त्याला सांगत सुटली.

पहिल्या भागाच्या संध्याकाळी मारुतीच्या पारावर मोठा टीव्ही लावला. फेट्यासकट जीवन मधोमध बसले. मालिका सुरू झाली. पुण्यातला फ्लॅट दिसला. नवरा अनोळखी, बायको अनोळखी.

"सर, महारुद्र कुठाय?" कुणीतरी विचारलं.

"आपलं मागून येईल," जीवन म्हणाले.

पडद्यावरच्या नवऱ्यानं डबा उघडून आत पाहिलं. "साखर संपली," तो म्हणाला.

टीव्हीतून अख्खं झरी हसलं, आणि हसू ओसरल्यावर एक बाई म्हणाली, "मेले गं बाई!"