रिकामा मिक्सर

वरच्या खोलीतून रडण्याचा आवाज आला, की सासूबाई मिक्सर लावायच्या. रिकामाच.

"आई, मोटर जळेल ना अशाने!" नवी सून एकदा म्हणाली.

"जळू दे. तुझ्या नवऱ्याची पहिली बायको आहे ती. जिन्यावरून पडून मेली, तरी मेलीचं रडगाणं काही संपत नाही."

एका दुपारी सासूबाई बाहेर गेलेल्या असताना रडणं सुरू झालं. मिक्सर लावायला कोणी नव्हतं. सून धीर करून वर गेली.

"काय हवंय, ताई?"

"काही नको गं," रिकाम्या खोलीतून आवाज आला. "त्या दिवशीही मी अशीच रडत-ओरडत होते. तो मारत होता, आणि शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून सासूबाईंनी खाली मिक्सर लावला होता."

संध्याकाळी तिने नवऱ्यालाच विचारलं, "खरंय का हे?"

तो उठला, दाराला आतून कडी घातली आणि हाक मारली, "आई!"

वरची खोली चिडीचूप होती. तरीही स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला.